थायरॉईड आहे म्हणतात, पण नेमकं काय आहे? बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं आहे. वय ३६, नवरा ट्रॅक्टर चालवतो, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, घरात सासू. आपण त्यांना सुनंदाताई म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललंय आणि टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवलंय, त्या म्हणल्या लिहा भाऊ, माझ्यासारख्या लई जणी आहेत.

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं इथलं कुठलंच निदान माझं नाही आणि हे वाचून कोणी स्वतःचं निदान करू नये. पण ताईंच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, गोळ्या सगळं माझ्या काउंटरवर आलं आणि त्यामुळं ते मला सलग दिसलं. प्रत्येक डॉक्टरला फक्त त्यांच्यासमोरचा एक कागद दिसत होता. माझ्या मते निदान लांबायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

घरातली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती कितीतरी महिने कोणी विचारलीच नाही. ताईंच्या मावशीला कोड आहे आणि थोरल्या बहिणीला थायरॉईडची गोळी चालू आहे. कोड हा पण ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच पेशींवर उलटते त्यातला, आणि असले आजार एकाच घरात वेगवेगळ्या रूपात दिसू शकतात. एकीला कोड, एकीला थायरॉईड, एखाद्या लेकराला लहानपणीच इन्शुलिनवाली शुगर. पण कोड म्हणलं की आपल्याकडं लोक विषय बदलतात, लग्नाच्या पोरी असतात घरात, त्यामुळं ती माहिती दवाखान्यात पोहोचतच नाही.

त्रास काय होता

"झोपून उठलं तरी अंग गळाल्यावानी वाटायलंय," हे त्यांचं पहिलं वाक्य. वर्षभरात वजन सहा किलो वाढलं, जेवण तेवढंच. सकाळी तोंड सुजल्यासारखं, डोळ्याखाली फुगलेलं. केस विंचरताना हातात पुंजकाच यायचा. पोट साफ होत नव्हतं, आवाज जरा घोगरा झालेला, आणि मार्चच्या उन्हात जिथं आपल्याला पंखा पुरत नाही तिथं या बाई पदर लपेटून बसायच्या. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर, नोंदी करताना आकडे चुकायचे, पर्यवेक्षिका बोलायची, आणि ताईंना त्याचं फार वाईट वाटायचं कारण त्यांचं रजिस्टर आधी बीटमध्ये नमुना म्हणून दाखवायचे.

आणि सगळ्यात जास्त त्रास पाळीचा. आठ-आठ नऊ-नऊ दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. हे त्या कोणालाच सांगत नव्हत्या, मलाही नाही, माझ्या बायकोला सांगितलं.

पहिला रिपोर्ट आणि पहिली गोळी

श्रावणात गावात एका पॅकेजवाल्यांचं शिबिर आलं, स्वस्तात फुल बॉडी चेकअप. त्यात टीएसएच ६.८ आला, त्या लॅबची नॉर्मल हद्द साधारण ०.४ ते ४.५. टी-३ टी-४, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन, नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.१, पण त्याकडं कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण टीएसएच लाल अक्षरात होता आणि सगळे त्याच्यावरच बोलायला लागले.

टीएसएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. आपल्याकडच्या भाषेत तो मुकादमाचा आवाज, टोळी कामात मागं पडली की मुकादम ओरडतो, तशी थायरॉईड ग्रंथी कमी हार्मोन बनवायला लागली की टीएसएच वाढतो. आता ६.८ म्हणजे आवाज थोडा चढलाय पण काम अजून होतंय, कारण टी-४ नॉर्मल आहे. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईड म्हणतात, हायपो म्हणजे कमी. असा आकडा एखाद्या आजारपणानंतर तात्पुरता सुद्धा वाढलेला असू शकतो, लॅब बदलली तर बदलतो, आणि पहाटे सकाळी टीएसएच जास्त असतो, दुपारी कमी. म्हणून एवढ्याशा वाढीवर सहसा दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात आणि सोबत अँटी-टीपीओ नावाची अँटीबॉडी, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीनं थायरॉईडविरुद्ध बनवलेलं प्रथिन, बघतात.

इथं तसं झालं नाही. गावातल्या डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनचीच गोळी, सुरू केली. त्यांची बाजूही खरी आहे, तक्रारी भरपूर होत्या, पेशंट परत येईल याची खात्री नव्हती. ताईंनी तीनेक आठवडे घेतली, छाती धडधडायला लागली आणि बंद केली. शेजारणीनं सांगितलं होतं की ही एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही, त्यापेक्षा लागूच देऊ नको. बंद केल्याचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. हा पहिला निर्णयाचा टप्पा आणि तो कोणाशीच न बोलता निघून गेला.

दुसरा रिपोर्ट, एकदम उलटा

दिवाळीच्या आसपास केस फारच गळायला लागले. भाचीनं मोबाईलवरून केस-त्वचा-नखांच्या कॅप्सूल मागवून दिल्या, त्यात १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन. ताई रोज एक घ्यायच्या. व्हिटॅमिनच आहे, त्याला औषध कोण म्हणतंय.

मग नोव्हेंबरमध्ये शहरात दुसऱ्या डॉक्टरांकडं गेल्या, नवीन लॅब, नवीन रिपोर्ट. टीएसएच ०.२१, फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी-४, वाढलेला. म्हणजे आता थायरॉईड जास्त काम करतंय, हायपर. चिठ्ठीवर कार्बिमाझोल, जे हार्मोन बनणं कमी करतं. जुना कागद ताईंनी नेलाच नव्हता आणि कॅप्सूलचं कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ती चिठ्ठी घेऊन त्या माझ्याकडं आल्या. म्हणल्या, "भाऊ, एक डॉक्टर म्हणतो कमी आहे, एक म्हणतो जास्त आहे, माझं थायरॉईड आहे तरी काय?"

मला जे खटकलं ते रिपोर्टमधलं नव्हतं, समोर दिसत होतं. हायपरमध्ये माणूस वाळतो, घाम फुटतो, हात थरथरतात, पोट वारंवार साफ होतं. आणि या बाई सुजलेल्या चेहऱ्यानं, स्वेटर घालून, बद्धकोष्ठाचं चूर्ण मागत उभ्या होत्या. आता हाशिमोटो नावाच्या ऑटोइम्यून आजारात सुरुवातीला ग्रंथीला सूज येऊन साठलेला हार्मोन एकदम रक्तात सुटतो आणि काही काळ हायपरसारखा रिपोर्ट येतो, हे खरं आहे. ग्रेव्हज नावाचा दुसरा ऑटोइम्यून आजारही असू शकतो, ज्यात थायरॉईड खरंच जास्त काम करतं. म्हणून रिपोर्ट चुकीचाच असं म्हणायचा अधिकार मला नव्हता. मी फक्त विचारलं, ताई, गेल्या महिन्यात तोंडातून काय काय गेलं ते सगळं सांगा, चूर्ण, काढा, पावडर, पोरीनं दिलेलं काहीही. तेव्हा पिशवीतून ती कॅप्सूलची बाटली निघाली.

बायोटिनचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण हे आपल्याकडं जवळजवळ कोणाला माहीत नसतं. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये तपासणीच्या रसायनातच बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची जोडी वापरलेली असते. रक्तात बाहेरून घेतलेलं बायोटिन भरपूर असलं की मशीनची गफलत होते, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि फ्री टी-४ खोटा जास्त. म्हणजे कागदावर हुबेहूब हायपर. इतकंच नाही, ग्रेव्हजसाठीची ट्रॅब ही अँटीबॉडी सुद्धा अशानं खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. सगळ्या मशीनला हे लागू होत नाही, पण तुमच्या लॅबचं मशीन कोणतं हे तुम्हाला कुठं माहीत असतं. साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतलं थोडंसं बायोटिन सहसा एवढा घोळ करत नाही, केसांच्या कॅप्सूलमधला मोठा डोस करतो.

मी ताईंसमोरच त्या डॉक्टरांना फोन लावला, कॅप्सूल आणि श्रावणातला रिपोर्ट दोन्ही सांगितलं. त्यांनी एका मिनिटात सांगितलं की कार्बिमाझोल देऊ नका, कॅप्सूल थांबवा, रिपोर्ट परत करू. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं, दुकानदाराचा फोन आला म्हणून चिडणारेही असतात. हायपो असलेल्या बाईला जर ती गोळी महिनाभर गेली असती तर काय झालं असतं याचा विचार करून मला आजही अस्वस्थ होतं.

मध्येच आलेला पिशवीचा सल्ला

रिपोर्ट परत करायच्या आधीच दुसरं संकट आलं. त्याच आठवड्यात रक्तस्राव इतका झाला की सासूबाईंनी त्यांना एका खाजगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं, हिमोग्लोबिन ८.४, आणि सल्ला मिळाला की दोन लेकरं झालीत, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

बीड जिल्ह्यात हा सल्ला किती सहज दिला आणि घेतला जातो हे आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनच्या बातम्या देशभर गाजल्या, राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. कमी वयात पिशवी काढलेल्या किती बाया माझ्या दुकानात कंबरदुखीची, हाडाची औषधं न्यायला येतात. काही वेळा ऑपरेशन खरंच गरजेचं असतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण थायरॉईड कमी असलं की पाळी जास्त जाऊ शकते, आणि इथं तर थायरॉईडचाच निकाल लागलेला नव्हता. पिशवी एकदा काढली की परत बसवता येत नाही, रक्ताची तपासणी मात्र आठवड्यात परत करता येते.

समोर असलेले पर्याय

घरात त्या रात्री सगळे बसले. ताईंच्या नवऱ्यानं मला पण बोलावलं. चार रस्ते होते, आणि प्रत्येकाच्या मागं कोणीतरी माणूस उभा होता.

सासूबाईंचं म्हणणं ऑपरेशन करून मोकळं व्हा. त्यांची स्वतःची पिशवी चाळिशीच्या आत काढलेली, त्यांच्या दृष्टीनं हाच सरळ मार्ग. त्या सुनेच्या भल्याचंच बोलत होत्या, रोज रात्री तिचे कपडे त्यांनीच धुतले होते.

दीर म्हणत होते की एक वैद्य तीन महिन्यांत थायरॉईड मुळापासून बरं करतो, काढा आहे, सोबत कोबी-फ्लॉवर बंद, आयोडीनचं मीठ बंद, सैंधव खायचं. इथं मी बोललो. शिजवलेला कोबी घरच्या मापात खाल्ल्यानं काही होत नाही. आणि साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, आपल्या देशात १९६२ पासून गलगंड रोखायचा कार्यक्रम चालू आहे तो आयोडीनच्या मिठावरच उभा आहे, घरात चार वर्षाचं लेकरू असताना ते मीठ बदलू नका. उलट आयोडीन जास्त झालं तरी ऑटोइम्यून थायरॉईडला त्रासच होतो, म्हणून समुद्री शेवाळाच्या वगैरे गोळ्या पण नकोत. नेहमीचं मीठ, नेहमीच्या मापात.

तिसरा रस्ता म्हणजे श्रावणातली ५०ची गोळी परत सुरू करायची आणि बघायचं. मला स्वतःला हा मोह झाला होता, कारण लक्षणं सगळी तिकडंच बोट दाखवत होती.

चौथा म्हणजे सगळे कागद एका फायलीत लावून सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जायचं, मेडिसिन आणि स्त्रीरोग दोन्हीकडं. आपल्याकडं त्यासाठी अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, म्हणजे दिवस मोडणार, रांग लागणार, अंगणवाडीची रजा पडणार. ताई शेवटी बोलल्या, "मला आधी समजू द्या काय झालंय, मग काय काढायचं ते काढा." त्यावर कोणी काही बोललं नाही आणि चौथा रस्ता ठरला.

काय केलं

कॅप्सूल बंद करून आठवडा जाऊ दिला. खरं तर बहुतेकांना दोन-तीन दिवसही पुरतात पण डोस मोठा होता म्हणून थोडं जास्त. मी फायलीच्या पहिल्या पानावर तारखेनुसार लिहून दिलं, कधी कोणता रिपोर्ट, कोणती लॅब, तेव्हा कोणती गोळी किंवा कॅप्सूल चालू होती. आणि खाली घरातला इतिहास, मावशीचं कोड सकट. ताई म्हणल्या ते लिहायलाच पाहिजे का, मी म्हणलं हो, तेच सगळ्यात कामाचं निघेल.

मेडिसिनच्या मॅडमनी ते पान वाचलं आणि मग हात लावून तपासलं. मान चाचपली, ग्रंथी थोडी मोठी आणि घट्ट लागत होती. गुडघ्यावर बसवून घोट्याच्या मागं हातोडी मारली, पाऊल हळूहळू परत येत होतं, हे हायपोचं जुनं आणि चांगलं लक्षण आहे. मग एक प्रश्न विचारला जो आधी कोणी विचारला नव्हता, धाकट्याच्या बाळंतपणानंतर काय झालं होतं? ताईंना आठवलं, तेव्हा दोन-तीन महिने छातीत धडधड, झोप नाही, वजन उतरलेलं, आणि नंतर एकदम थकवा. सगळ्यांनी बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सोडून दिलं होतं. बाळंतपणानंतर वर्षभरात असा थायरॉईडचा दाह होऊ शकतो, आधी जास्त मग कमी, बहुतेकींचं आपोआप ठीक होतं पण अशा बायांना पुढं काही वर्षांनी कायमचं हायपो व्हायची शक्यता जास्त राहते. तेव्हा झालं होतं ते हेच होतं असं आता सिद्ध करता येत नाही, मॅडम पण तसं म्हणल्या नाहीत, पण चित्र जुळत होतं.

मॅडमनी ताईंना जे समजावलं ते मला फार मोलाचं वाटलं. त्या म्हणल्या, तुम्ही एकच प्रश्न विचारताय, पण हे तीन प्रश्न आहेत. ग्रंथी कमी काम करते का, हे टीएसएच आणि फ्री टी-४ सांगेल. का कमी करते, हे अँटी-टीपीओ सांगेल. आणि तुमचा सगळा त्रास त्यामुळंच आहे का, हे कुठलीच एक तपासणी सांगणार नाही, त्यासाठी बाकीची कारणं पण शोधावी लागतील. आतापर्यंत प्रत्येकानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढून तिन्ही सुटले असं धरलं होतं.

सकाळी रक्त दिलं. टीएसएच १२.४. फ्री टी-४ ०.९८, त्या लॅबची हद्द ०.९३ ते १.७, म्हणजे नॉर्मल पण अगदी काठावर. अँटी-टीपीओ ४१२, हद्द ३४ च्या आत. हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन ६, म्हणजे लोहाची कोठी रिकामी. बी-१२ पण कमी, १४८.

तर निदान झालं, ऑटोइम्यून थायरॉयडायटिस, म्हणजेच हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो हे जपानी सर्जन, त्यांनी १९१२ मध्ये चार बायांच्या थायरॉईडचा अभ्यास करून याचं वर्णन लिहिलं होतं. ताईंनी ते नाव कागदावर लिहून घेतलं. नुसत्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या म्हणून आजार ठरत नाही हेही मॅडमनी सांगितलं, ठणठणीत बायांमध्ये सुद्धा त्या सापडतात. इथं वाढलेला टीएसएच, घट्ट ग्रंथी, घरातला इतिहास आणि अँटीबॉडी हे सगळं एकत्र आलं म्हणून ठाम बोलता आलं.

गळ्याच्या सोनोग्राफीचा विषय निघाला. हाशिमोटोच्या निदानाला ती दरवेळी लागत नाही, गाठ लागली किंवा ग्रंथी ओबडधोबड लागली तर करतात. इथं एका बाजूला शंका होती म्हणून केली, गाठ नव्हती, ग्रंथी खडबडीत आणि काळसर दिसली, हाशिमोटोत दिसते तशी.

गोळी द्यायची की थांबायचं, यावर मात्र पाच मिनिटं खरी चर्चा झाली. टीएसएच १० च्या आत आणि टी-४ नॉर्मल असता तर नुसतं लक्ष ठेवणंही चाललं असतं. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम भागातल्या लोकांचा २० वर्षं पाठपुरावा झाला, १९९५ मध्ये तो छापून आला, त्यात ज्या बायांचा टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडी पण पॉझिटिव्ह होत्या त्यातल्या दरवर्षी ४.३ टक्के बायांना पूर्ण हायपो झालं. म्हणजे कल तिकडंच, पण उद्याच नाही. ताईंचा टीएसएच १० च्या वर होता, लक्षणं होती, आधीपेक्षा वाढत होता, म्हणून गोळी ठरली, ५० मायक्रोग्रॅम. श्रावणातलीच गोळी, तोच डोस, पण आता ती कशासाठी आहे हे ताईंना माहीत होतं. छाती धडधडली होती त्याचंही उत्तर मिळालं, एवढ्या कमी रक्तावर ती तशीही धडधडणार, म्हणून रक्त वाढवायचं काम सोबतच सुरू करायचं.

स्त्रीरोग विभागात अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. हे मला फार आवडलं, थायरॉईड सापडलं म्हणून त्यांनी पिशवीकडं दुर्लक्ष केलं नाही. तो नॉर्मल आला. पाळीच्या दिवसात रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या, लोह दिलं, बी-१२ ची इंजेक्शनं दिली, आणि सांगितलं की सहा महिने बघू, ऑपरेशनचं नंतर बोलू.

मधली अडचण

सात आठवड्यांनी टीएसएच ९.८. ताई रडकुंडीला आल्या, दीरांनी परत वैद्याचं काढलं. दुसरीकडं कुठं गेल्या असत्या तर बहुधा डोस वाढवून मिळाला असता. मॅडमनी आधी विचारलं, गोळी कशी घेता? पहाटे पाचला उठून, चहा टाकला की चहासोबत, आणि विसरायला नको म्हणून लोहाची लाल गोळी पण तेव्हाच.

मी गोळी देताना उपाशीपोटी सांगितलेलं, पण चहाला आपल्याकडं कोण खाणं धरतं? लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, चार तासांचं अंतर पाहिजे, आणि गोळी नुसत्या पाण्यासोबत घेऊन अर्धा-पाऊण तास चहा सुद्धा नको. शिवाय बाटली चुलीजवळच्या फळीवर, वर पत्रा, उन्हाळा तोंडावर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढं जातो, पत्र्याच्या घरात विचारूच नका, आणि ही गोळी उष्णता आणि ओलाव्यानं खराब होते. बाटली आतल्या खोलीत माठाच्या बाजूच्या कोनाड्यात गेली, पाणी लागणार नाही अशी. लोह दुपारच्या जेवणानंतर गेलं. डोस तोच ठेवला.

पुढच्या आठ आठवड्यांनी टीएसएच ३.२.

काय निष्पन्न झालं

निदान झाल्यापासून साधारण आठ महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ वर आलं, पाळी पाच दिवसांवर आली, पिशवी जागेवर आहे. चेहऱ्याची सूज उतरली, पोट साफ व्हायला लागलं, थंडी वाजणं गेलं. वजन मात्र फक्त दोन किलो उतरलं आणि ताई त्यावर नाराज आहेत. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की थायरॉईडमुळं वाढलेलं वजन थोडंच असतं, बाकीचं गोळीनं जाणार नाही. केसांना वेळ लागला, त्यांचं गळणं बहुधा लोह भरल्यावर थांबलं. थकवा पुष्कळ कमी झाला पण पूर्ण गेला नाही, आणि त्याचं कारण अंगणवाडी, घर, शेत आणि चार वर्षांचं पोरगं हे पण असू शकतं, हे त्या स्वतःच म्हणतात.

अँटीबॉडी परत तपासायची का असं त्यांनी विचारलं होतं. गरज नाही, तो आकडा कमी-जास्त झाल्यानं उपचार बदलत नाही, पैसे वाचवा. टीएसएच आता सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

वेगळं काय करता आलं असतं

श्रावणातल्या ६.८ वर दोन-तीन महिने थांबून टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ एकत्र केलं असतं तर बहुधा तेव्हाच उत्तर मिळालं असतं. आणि तेव्हाचं ९.१ हिमोग्लोबिन कोणीतरी बघितलं असतं तर पाळीचा विषय नोव्हेंबरऐवजी ऑगस्टमध्येच निघाला असता. थकलेल्या, केस गळणाऱ्या बाईमध्ये आपल्याकडं थायरॉईडपेक्षा रक्ताची कमी कितीतरी जास्त सापडते, आणि दोन्ही एकत्र असू शकतं.

गोळी बंद केली तर डॉक्टरांना सांगायचं, हे बोलायला सोपं आहे. बाया का सांगत नाहीत ते पण बघा, ओरडा खावा लागतो. डॉक्टरांनी "गोळी घेता का" असं विचारण्याऐवजी "आठवड्यात किती वेळा चुकते" असं विचारलं तर खरं उत्तर येतं, हा माझा काउंटरवरचा अनुभव.

लॅबवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रक्त घेताना केसांच्या गोळ्या चालू आहेत का एवढं एक विचारा. आमच्या दुकानात आता मी थायरॉईडच्या चिठ्ठीवर गोळी देताना हेच विचारतो आणि पाकिटावर पेननं लिहून देतो, नुसतं पाणी, चहा नंतर, लोह दुपारी.

आणि पिशवीचं ऑपरेशन ठरण्याआधी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि गरज असेल तर अस्तराची तपासणी झालीये का, हे घरच्यांनी विचारावं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान होत नाही.

सध्या ताईंच्या डोक्यात एक प्रश्न आहे, १४ वर्षांच्या मुलीचं काय. तिला काही त्रास नाही. मॅडम म्हणल्या, नुसती भीती म्हणून अँटीबॉडी तपासू नका, पॉझिटिव्ह आली तरी आज काही करायचं नाही आणि पोरीच्या डोक्याला घोर. उंची वाढतेय का, पाळी नीट येतेय का, मान सुजल्यासारखी दिसते का, शाळेत मागं पडतेय का हे बघा, काही वाटलं तर टीएसएच करू. अंगणवाडीत रोज दुसऱ्यांच्या लेकरांची उंची-वजनं घेणाऱ्या ताईंनी आता घरातल्या भिंतीवर मुलीच्या उंचीची खूण करायला सुरुवात केलीये, दर तीन महिन्यांनी एक.